न थांबणारं मशीन

“पण अण्णा, मशीन बंदच पडत नाही, तर दोष मेमरीचा कसा?”

निनादनं हे तिसऱ्यांदा विचारलं. नेमाण्णा कॉम्प्युटरच्या वायरी जोडत राहिले.

नेमाण्णा इचलकरंजीतले जुने जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री. चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरला हात घातला. शेडमध्ये एका अंगाला अजून एक माग चालू असायचा, दुसऱ्या अंगाला टेबल. निनाद हावळ त्या टेबलाशी दोन वर्षं शिकला. मग त्याला वाटलं, म्हातारा फार सावकाश आहे. गेला निघून.

गेम खेळणाऱ्या पोरांत त्याचं नाव झालं. मेमरीच्या खोक्यावर वेग बत्तीसशे लिहिलाय ना? हा पठ्ठ्या ती चार हजारावर पळवायचा. सुरुवातीला दिवसातून चारदा पडदा निळा व्हायचा, मशीन बंद. निनाद त्याला शिव्या घालायचा. मग त्यानं व्होल्टेज चढवलं, इकडं सैल केलं, तिकडं आवळलं, आणि निळा पडदा गेला तो गेलाच. दोन महिने मशीन एकदाही थांबलं नव्हतं.

आज तेच मशीन कवेत धरून तो आला होता, कारण आदेशचे व्हिडिओ उघडत नव्हते.

आदेश त्याचा धाकटा भाऊ. मागच्या पावसाळ्यात पाच दिवसांच्या तापात गेला. दोघं रोज संध्याकाळी गेम खेळायचे आणि बोलण्यासकट रेकॉर्ड करून ठेवायचे. दोनशे बारा व्हिडिओ. त्या पोराचा आवाज म्हणून जगात एवढाच उरला होता.

आई कोलमडली, वडिलांनी अंथरूण धरलं. निनादच्या डोळ्याला मात्र पाणी आलं नाही. तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी हा मशीनपुढं. लोक म्हणायचे, पोरगं मोठं खंबीर. त्यालाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

अण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या. व्हिडिओ या डिस्कवर कधी आले? दीड महिन्यापूर्वी, निनाद म्हणाला. जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवीवर कॉपी केले. आणि जुनी कुठं आहे? ती पुसून मित्राला दिली, त्यानं केव्हाच भरून टाकली.

म्हणजे मेमरी पळवायला लागल्यानंतरची कॉपी, आणि प्रत्येक फाइल त्या मेमरीतूनच गेलेली.

“टेस्ट लावलीतीस?”

“लावली होती की. दहा मिनिटं. पास झाली.”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की दिवसभर टेस्ट चालू ठेवायची, हा या टेबलाचा नियम निनादला पाठ होता. पाठ असून काय उपयोग?

सकाळी दहाला अण्णांनी पेनड्राइव्ह लावून मेमरीची टेस्ट सुरू केली. निनाद हाताची घडी घालून बसला. तासभर झाला, चुका शून्य. दोन तास झाले, शून्य. ते शून्य त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, अण्णांना ऐकू जाईल असं.

अण्णांनी त्याला मागापाशी बोलावलं.

तिथं प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकलेली होती. अण्णांनी कात्रीनं एक धागा तोडला. पट्टी खाली पडली, माग जागच्या जागी थांबला. त्यांनी गाठ मारली, माग पुन्हा सुरू केला. मग पट्टी पडली की माग थांबवणारी वायर उपसून काढली आणि दुसरा धागा तोडला.

माग थांबला नाही. खडखड करत झोकात चालत राहिला, आणि वीतभर कापड पुढं आलं तेव्हा त्यात एक बारीक उभी फट होती.

“कुठला माग चांगला?” अण्णांनी विचारलं.

निनादनं त्या फटीवरनं बोट फिरवलं.

“तुझं मशीन बंद पडत हुतं, तवर ते खरं बोलत हुतं रं,” अण्णा म्हणाले.

तो टेबलाशी परत आला तेव्हा तिसरा तास संपत होता. पडद्यावर एक लाल ओळ होती.

“एकच आहे, अण्णा,” तो घाईघाईनं म्हणाला. “कोट्यवधी आकड्यांत एकच चूक.”

“भाऊ किती हुतं तुला?”

निनाद त्या लाल ओळीपुढनं मागं सरकला.

अण्णांनी मेमरी बत्तीसशेवर आणली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि त्याच्या हातात माउस दिला. पहिला व्हिडिओ उघडला नाही. दुसराही नाही. सातवा उघडला. आदेश हसत होता, ओरडत होता, “दादा, मागं बघ, मागं...” आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज खरवडल्यासारखा झाला, आणि संपलं.

दुरुस्त होतील का, निनादनं विचारलं. अण्णांनी मान हलवली; नाही. जे उघडतात ते तरी पुरते धड आहेत का? त्यांनी खांदे उडवले. ताडून बघायला मूळच उरलं नव्हतं.

निनादनं आठव्यावर बोट ठेवलं, पण बोट दाबेना. वर्षभर जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, आणि त्याला त्याची भयंकर लाज वाटली.

“अण्णा, माफ करा,” तो कसाबसा म्हणाला. “असं कधी होत नाही मला. उठतो, आत्ता उठतो...”

अण्णा उठले आणि चालता माग त्यांनी बंद केला. शेडमध्ये इतकी शांतता निनादनं शिकतानाच्या दोन वर्षांत कधी ऐकली नव्हती. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसले.

“बस. माग थांबला की त्याला शिव्या घालू नयेत, लेकरा. कुठंतरी धागा तुटलेला असतोय.”