टापटिपीचा खराटा

झाडू, कुदळी आणि किडामुंगी एकमेकांशी भांडत असत, तेव्हाची ही गोष्ट.

गोदाक्काच्या परसात एक गांडुळीण राही. फाल्गुनात निंबाचा पाला वाफ्यांवर गळला, की तिच्या घरी वर्षाची बेगमी होई. त्या वर्षी परसात नवा खराटा आला. उन्हाळी भाजी लावायची म्हणून त्यानं सगळा पाला झाडून ढीग केला आणि गोदाक्कानं त्याला काडी लावली.

गांडुळीण तडक वर आली. "मेल्या, माझ्या लेकरांच्या तोंडचा घास जाळलास!"

"घास कसला? कचरा तो," खराटा ऐटीत म्हणाला. "परस बघ कसं लख्ख झालंय!"

"लख्खपणावर दोडका उगवतो का रे? उघडी माती उन्हानं भाजतेय!"

खराट्यानं तिलाही एका फटक्यात बाजूला लोटलं. रागानं धुमसत ती लेकरांना घेऊन शेजारच्या परसात निघून गेली.

दोडका उगवला, पण वीतभर होऊन पिवळा पडला. मग गोदाक्कानं बाजारातून एक पोतं आणलं.

"काय आणलंस गं?" शेजारणीनं विचारलं.

"गांडूळखत. आमच्या मातीत कसच राहिला नाही बघ."

कुंपणापलीकडे गांडुळिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यात पोत्यातलं मूठभर खत वाफ्याबाहेर सांडलं. खराटा लगबगीनं धावला आणि ते झाडून कचऱ्याच्या ढिगाकडे नेऊ लागला.

"ने, तेही ने!" गांडुळीण कडाडली. "आणि काडी लावायला विसरू नकोस!"