उताराचं देणं

घाटमाथ्यावरच्या एका गावात कोंडीबा ढेबे नावाचा एक ड्रायव्हर राहत होता. तीस वर्षं त्याने एकाच घाटात वडापची जीप चालवली. माणसं, कोंबड्या, सिमेंटची पोती, वऱ्हाडं, सगळं त्याने खालीवर केलं. घाटातलं प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ होतं. ते तोंडपाठ आहे हे गावालाही तोंडपाठ होतं, कारण कोंडीबा ते रोज सांगत असे.

त्याची एक कला होती. उतार लागला की तो जीप न्यूट्रल करायचा आणि डिझेलचा थेंब न जाळता पायथ्याला पोचायचा. "उतार देवानं दिलाय," तो म्हणायचा, "त्याला कशाला डिझेल पाजायचं?"

जीप म्हातारी झाली तेव्हा कोंडीबाने विजेवर चालणारी गाडी घेतली. शोरूममधल्या मुलीने किल्ली देताना सांगितलं, "काका, उतारावर न्यूट्रल करू नका. गिअर डी वरच राहू द्या. उतरताना गाडी स्वतःच चार्ज होते."

कोंडीबा हसला. "पोरी, मला घाट नको शिकवू," म्हणाला, आणि गाडी घेऊन आला.

गाव थक्क झालं. धूर नाही, वास नाही, खडखड नाही. पंपावर जाऊन रांगेत उभं राहणं नाही. ओट्यावरच्या प्लगला संध्याकाळी जोडली की सकाळी गाडी तयार.

पण कौतुकाबरोबर कटकटीही आल्या. जीपची खडखड ऐकून घरातून निघायची लोकांना सवय होती. आता गाडी येऊन उभी राहायची, निघूनही जायची, आणि माणसं चहाच पीत बसलेली असायची. रस्त्यात बसलेल्या म्हशी उठेनात. कोंडीबाला खाली उतरून त्यांची समजूत काढावी लागे. वीज गेली की गाडी उपाशी. दरीपलीकडे, समोरच्या पठारावर जायचं तर एक घाट उतरून दुसरा चढावा लागे. तिथे तो एकदा भाडं घेऊन गेला, आणि माथ्याची शेवटची दोन वळणं राहिली असताना गाडी बसली. ट्रॅक्टरने ओढून न्यावी लागली.

"गाडीला घाट झेपत नाही," असं कोंडीबाने सगळ्यांना सांगितलं. लोक तिला खेळणं म्हणू लागले. पुन्हा म्हणून त्याने समोरच्या पठाराचं नाव काढलं नाही.

त्याच गावात बायजाआत्या राहत होती. तिची धाकटी बहीण साळू त्या समोरच्या पठारावर दिलेली. आत्याच्या अंगणातून साळूच्या गावातला पिंपळ दिसायचा. पण अकरा वर्षांत बहिणींची भेट नव्हती. आत्याला डिझेलचा वास सोसत नसे. नाकाला लिंबू लावून आणि डोळे गच्च मिटून बसली, तरी पहिल्या वळणाला तिला ओकारी यायची. शेवटी तिने घाट सोडला, आणि रोज सकाळी नुसता पिंपळ बघायची.

एका सकाळी साळूच्या लेकाचा निरोप आला. आईचं काही खरं नाही. दोन दिवस पाणीसुद्धा घेत नाही. एकच धोशा लावलाय, बायजाक्काला आणा.

आत्या लिंबू घेऊन कोंडीबाच्या दारात उभी राहिली. "तुझ्या गाडीला वास नाही म्हणत्यात. मला साळूकडं ने."

कोंडीबाचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी वाऱ्याने विजेचा खांब पडला होता. गाडीच्या पडद्यावर आकडा होता अठरा. "आत्ये, शंभरातलं अठराच उरल्यात. त्या दिवशी एवढ्याच आकड्यावर निघालो आणि माथ्याखाली गाडी बसली. दुपारच्या एसटीनं जा."

"दुपारपर्यंत ती थांबंल?"

कोंडीबाने गाडीचं दार उघडलं. आत्या पुढे बसली.

गाडी निघाली आणि घाटाच्या तोंडाशी आली. सवयीने कोंडीबाचा हात न्यूट्रलवर गेला. आत्याने डोळे मिटले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. काहीच होईना, तेव्हा तिने एक डोळा उघडला. मग दुसरा.

तिने जन्मात हा घाट पाहिला नव्हता. कितीदा गेली होती, पण डोळे मिटून. खाली दरीत धुकं भरलं होतं. कड्यावर मधमाश्यांची मोहोळं लटकत होती. गाडीला आवाज नव्हता, म्हणून पाण्याची झुळझुळ गाडीतसुद्धा ऐकू येत होती. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "एवढं सगळं हितंच होतं व्हय?"

कोंडीबाही बघत राहिला. तीस वर्षं तोही इंजिनाच्या गोंगाटात उतरला होता. नवी गाडी आली तरी त्याला वळणंच पाठ होती, बाकी त्याने काही ऐकलं नव्हतं.

अर्धा घाट उतरला आणि आत्याने लिंबू नाकाशी नेलं. "कोंडीबा, वास आला. करपल्याचा."

त्याने गाडी कडेला घेतली. "ब्रेक तापलेत. निवू दे जरा."

"ब्रेक कशानं तापतात?"

"गाडी खाली पळायला बघती. मी तिला धरून ठेवतो."

आत्या पडद्याकडे बघत होती. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. अठराचे सतरा झाले होते. "म्हणजे गाडीत एवढं बळ येतंय आणि तू ते जाळून टाकतोस. ठेवायला जागा नाही का त्याला?"

कोंडीबाच्या डोळ्यांसमोर शोरूममधली मुलगी उभी राहिली. तिचं ऐकायचं, तर त्या दिवशी गाडी कुणामुळे बसली होती तेही कबूल करायचं. खेळणं गाडी नव्हती, चालवणारा आडमुठा होता. आपल्याच घाटात, आपल्याच कलेने, आपणच आपली गाडी उपाशी ठेवली होती. तीस वर्षांचा मान एका बाजूला आणि साळूचा निरोप दुसऱ्या बाजूला.

तो म्हणाला, "आत्ये, मी चुकत होतो." आणि त्याने गाडी डी वर टाकली.

ब्रेकवरचा पाय त्याने काढून घेतला. तरी गाडी उधळली नाही. कुणीतरी मागून पदर धरावा तशी ती अडून अडून, मायेने उतरू लागली. चार वळणांनंतर सतराचे अठरा झाले. कोंडीबाने डोळे चोळले. पुढे एकोणीस झाले. दरीतून नदी वर येत होती तसा आकडाही वर येत होता. पायथ्याला पोचले तेव्हा पडद्यावर वीस होते.

हाच घाट, हाच उतार. रोज कोंडीबाला भरभरून देत होता, आणि तो रोज ते झिडकारून आपल्या हुशारीच्या गोष्टी सांगत होता. "देवा, मला माफ कर," तो पुटपुटला.

नदीपर्यंतच्या सपाटीत तीन गेले. समोरचा घाट चढताना आकडा भराभर उतरू लागला. कोंडीबाने पंखा बंद केला, काचा खाली केल्या. जिथे ट्रॅक्टर बोलवावा लागला होता, ते वळण आलं तेव्हा आकडा तीन होता. ते वळण गेलं. त्याच्यानंतरचं गेलं. पिंपळाखाली गाडी थांबली तेव्हा पडद्यावर एक उरला होता.

साळू भिंतीकडे तोंड करून निजली होती. आत्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. साळूने मान वळवली, बहिणीकडे बघितलं, मग तिच्या मुठीतल्या लिंबाकडे बघितलं. ते अख्खं होतं, कुस्करलेलं नव्हतं.

"डोळं मिटून आलीस का गं?" तिने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "उघडं ठेवून आले. सगळं बघत आले."

तिने लिंबू कापलं, पाण्यात पिळलं, साखर घातली. दोन दिवस कुणाच्या हातचं पाणी न घेतलेली साळू ते सरबत घोट घोट करत सगळं प्यायली.

कोंडीबा ओसरीवर होता. साळूच्या लेकाने प्लग दाखवला, आणि विचारलं, "मामा, एवढ्याशा चार्जवर चढली कशी हो गाडी?"

कोंडीबाने वायर जोडली. "मला आज एकीनं घाट शिकवला," तो म्हणाला.

तात्पर्य: जे आपल्याला पक्कं येतं, तेच पुन्हा शिकायची लाज वाटू देऊ नये; आपल्या वाटेवरचं देणं रोज समोर असतं, पण हुशारीच्या तोऱ्यात डोळे मिटून चालणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.