दोन दात नसलेली फणी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्धा राहत असे. तिचे नाव द्वारकाबाई. पण गावातील म्हातारी माणसेही तिला मावशीच म्हणत, कारण लग्न कोणाच्याही घरचे असो, खिरीतील वळवट तिच्या हातची असे. ज्यांनी वळवट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. रव्याची कणीक भिजवून, कुटून लोण्यासारखी करायची, तिच्या इवल्या गोळ्या घ्यायच्या आणि बोटांनी त्यांना आकार द्यायचा. गव्हाच्या दाण्यासारखे ते गव्हले, नखावर दाबले ते नखुले, आणि फणीच्या दातांवरून अंगठ्याने ओढून शिंपल्यासारख्या वळवल्या त्या फणोल्या. मग सगळे सावलीत वाळवायचे आणि लग्नाच्या दिवशी त्यांची खीर करायची. वाटीभर खिरीसाठी बायकांची अख्खी दुपार जाते आणि जेवणारा ती दोन घोटांत संपवतो. तरीही बायका वळवट करतात. याचे कारण विद्वानांनी अद्याप शोधलेले नाही.

द्वारकामावशीच्या फणोल्या इतरांसारख्या नसत. इतरांच्या शिंपल्यावर नुसत्या समांतर रेघा उमटत. मावशीच्या शिंपल्यावर त्या रेघांच्या मधोमध एक गुळगुळीत पट्टा असे, नवरीच्या केसांतल्या भांगासारखा. लोक त्यांना भांगाच्या फणोल्या म्हणत. तो भांग कसा पडतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मावशी गव्हले ओसरीवर सर्वांदेखत वळत असे, फणोल्या मात्र आतल्या खोलीत, दार लोटून. तिच्या अंगठ्यातच गुण आहे, असे बायकांनी आपापसांत ठरवून टाकले होते. असे एकदा ठरले की पुढे विचार करावा लागत नाही.

मावशीकडे शिकायला मुली येत. त्यांत कुमुद नावाची एक नवी सून होती. सासरच्या पहिल्या सणाला तिने वळलेले गव्हले पाहून थोरल्या जावेने विचारले होते, की हे खिरीत घालायचे आहेत की चिमण्यांना टाकायचे? घर हसले, कुमुदही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मावशीच्या ओसरीवर येऊन बसू लागली. ती फार कमी बोले. कमी बोलणारी सून समजूतदार असते असा सासरी एक समज असतो. कुमुदने तो दूर करण्याची घाई केली नव्हती.

त्या वर्षी वैशाखात गावातल्या दामोदरशेट नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीचे लग्न निघाले. वरपक्ष तोलामोलाचा होता. होणाऱ्या विहीणबाईंनी कोणत्याशा लग्नात भांगाच्या फणोल्या खाल्ल्या होत्या आणि आमच्या पंगतीला त्याच हव्यात, असा निरोप धाडला होता. शेटजी स्वतः मावशीकडे आले. पहिल्याच पंगतीत माझ्या मुलीच्या माहेराला नाव ठेवायला जागा राहू देऊ नका, असे म्हणून त्यांनी हात जोडले. मावशीने शब्द दिला.

एवढे मोठे काम निघाल्यावर ओसरी सारवणे, डबे उन्हात घालणे आलेच. त्या दिवशी मावशी कोणाच्या तरी बारशाला गेली होती. फळीवरचा एक डबा पुसताना कुमुदच्या हाती मऊ फडक्यात गुंडाळलेली एक लाकडी फणी लागली. वापरून वापरून ती काळी तुकतुकीत झाली होती आणि तिचे मधले दोन दात मोडलेले होते. कुमुदला भरून आले. पंचक्रोशीत जिचे नाव, ती बाई मोडक्या फणीवर काम करते, आणि इतक्या मुली शिकून गेल्या तरी एकीलाही दिसले नाही! गुरूसाठी गुपचूप काहीतरी करावे असे तिच्या मनात कधीपासून होते. तिने ती फणी बाजारातल्या फणीवाल्याकडे नेली. त्याने त्याच जातीच्या लाकडाचे दोन बारीक दात कोरले, लाखेने बसवले आणि असे घासले, की जुने कोणते अन् नवे कोणते ते त्यालाही सांगता येऊ नये. कुमुदने फणी पुन्हा फडक्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवली आणि घरी जाताना ती स्वतःवर खूश होती.

फणोल्या वळायला मावशी आत गेली. दार लोटले गेले. ओसरीवर मुलींचे गव्हले वळणे आणि गप्पा चालू होत्या. बऱ्याच वेळाने दार उघडले आणि मावशी उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या तळहातावर एक फणोली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, सारख्या रेघा. इतकी निर्दोष फणोली मावशीने जन्मात वळली नव्हती.

कुमुदच्या हातातला गव्हला खाली पडला. भांग अंगठ्यात नव्हता, हे तिला त्या क्षणी कळले. आणि तो कोठे होता, हेही कळले. फणीचे दात आपणच बसवून आणले, हे तिने सगळ्यांसमोर सांगून टाकले. शेजारी बसलेल्या सरूने, आता नवरीला बिनभांगाचीच उभी करा, असे कुजबुजत म्हटले. कोणी हसले नाही.

"मावशी, मी ते दात आत्ता काढून आणते," कुमुद म्हणाली. "लाखेने बसवलेत. चिमट्याने निघतील."

"नको," मावशी म्हणाली.

ती रागावली नाही. तिने फणी फळीवर ठेवली, ओल्या फडक्याखालचा कणकेचा गोळा उचलला आणि घरात फिरू लागली. वस्तू दिसेल ती धुवायची, पुसायची आणि तिच्यावर कणकेची गोळी दाबून पाहायची, असा तिने क्रम धरला. सुपाची वीण झाली, करवंटीची पाठ झाली, किसणी झाली, बाजेचा काथ्या झाला. प्रत्येक ठसा ती उजेडात धरी, नखाने चाचपी, मधूनच एकटी हसे आणि गोळी मोडून पुन्हा मळे. गोठ्यातल्या म्हशीच्या शिंगाच्या वळ्यांपाशीही ती बराच वेळ रेंगाळली, पण म्हशीचा विचार वेगळा दिसला.

हे रोजच चालले. मुली एकमेकींकडे पाहत. म्हातारीला धक्का बसला, असे गावात झाले. बातमी शेटजींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले तेव्हा मावशी दाराच्या कडीवर कणीक लावून बसली होती. हळद दोन दिवसांवर आली आहे, सुपात मात्र एकही फणोली नाही, असे शेटजींनी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. मावशीने भांगाच्या फणोल्या आता होणार नाहीत हे त्यांना तितक्याच नम्रपणे सांगितले. शेटजींचा चेहरा उतरला. शेजारच्या गावाहून साधी वळवट आणवून ठेवतो, म्हणाले. नाव जायचे ते गेले, निदान खीर तरी होईल. एवढे बोलून ते निघून गेले.

ते गेल्यावर कुमुदला राहवले नाही. चूक तिची, आणि मान खाली गेली ती दुसऱ्यांची. ती मावशीपुढे बसली.

"दोन दात काढायला किती वेळ लागतो, मावशी? मला शिक्षा करायची असेल तर दुसरी करा. त्या मुलीच्या पंगतीवर का?"

मावशीने कडीवरची गोळी हलकेच सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली.

"ती फणी माझ्या सासूची. मी तुझ्याएवढी असताना माझ्या हातून पडली आणि दात गेले. दुसरी फणी नव्हती, घरात लग्न होतं. रडत रडत तिच्यावरच वळायला बसले, तर हा भांग. मला तो सुचला नव्हता गं, नुसता दिसला. त्या दिवशी मी त्या फणीकडे जन्मात पहिल्यांदा नीट बघितलं. मग लोकांना आवडलं, आणि मी तेच करत राहिले. हात चालायचा, मन भलतीकडेच. आता मुद्दाम दात काढले तर भांग पडेल, पण ती माझीच नक्कल होईल, माझ्याच हातची." तिने कडीवरून बोट फिरवले. "तू फणी नीट केलीस, आणि इतक्या वर्षांनी मला घरात बघायला काहीतरी मिळालं. ही कडी मी रोज लावते. तिला असा पीळ आहे हे मला काल कळलं. बघ तरी."

कुमुदने पाहिले. गोळीवर पिळाचे ठसे एकमेकांत गुंतत गेले होते, वेणीच्या पेडांसारखे.

"पण तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय ना. म्हणून तर छातीत धडधडतंय. तेव्हाही धडधडत होतं." मग मावशीने विचारले, "तुझ्या घरी तुला हातात घ्यायला आवडतं असं काय आहे?"

कुमुद गोंधळली. सासरी आल्यापासून तिला काय येते, हे सर्वांनी विचारले होते. काय आवडते, हे कोणी विचारले नव्हते. मग ती म्हणाली, "रवी." आणि लाजली. सकाळी ताक घुसळायची लहानशी लाकडी रवी. ती हातात असेपर्यंत घरात कोणी हाक मारत नाही, एवढाच काय तो तिचा गुण, असे तिने सांगितले.

"मग मला काय विचारतेस?" मावशी म्हणाली. "तिला विचार."

कुमुद घरी गेली आणि रवी घेऊन बसली. रोज हातात असलेली ही वस्तू तिने प्रथमच उलटी करून पाहिली. तिचे बोंड कळीसारखे कोरलेले होते आणि दोन पाकळ्यांमधली खाच वर निमुळती, खाली रुंद होत गेली होती. पहिली गोळी खाचेत चिकटून बसली. दुसरी फाटली. तिसरीला बोटाने तूप लावले, तर ती निसटून चुलीपाशी गेली. जावेने येऊन रवीची ती अवस्था पाहिली आणि आज घराने ताकावाचून जेवायचे का, असे विचारले. हो, म्हणाली कुमुद. घर ताकावाचून जेवले. संध्याकाळ होता होता एक गोळी तिने खाचेच्या निमुळत्या टोकाकडून अंगठ्याने हळूहळू वळवत आणली आणि ती अलगद सुटून तळहातावर पडली. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला फुललेली, मध्ये बारीक चुण्या. जणू नवऱ्या मुलीने नुकत्याच खोचलेल्या निऱ्या. तिने ती खूप वेळ पाहिली. मग तिला भूक लागल्याचे लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी मावशीने ते पाहिले. तिने रवी मागून घेतली, स्वतः एक गोळी वळवून पाहिली, तर ती वेडीवाकडी निघाली.

"मला वेळ लागेल हे यायला," मावशी खुशीत म्हणाली आणि कुमुदच्या शेजारी, मुलींच्या ओळीत, पाय दुमडून बसली.

त्या दिवशी ओसरीवरच्या एकाही मुलीला कोणी काही शिकवले नाही. सरू घरी जाऊन मसाल्याच्या डब्याचे झाकण घेऊन आली. कोणी पोळपाटाचा पाय आणला. फळीवरून मावशीने फणीही खाली काढली आणि जिला सरळ रेघा हव्या होत्या तिच्या हातात दिली. हळदीच्या दिवशी शेटजी आले तेव्हा सूप भरले होते. त्यात त्यांच्या ओळखीचे काहीच नव्हते. लोक हसतील का, असे त्यांनी विचारले. मावशीने थोडा विचार केला. हसतीलही कदाचित, म्हणाली, पण बघतील. शेटजींनी निःश्वास सोडला, सूप उचलले, आणि शेजारच्या गावची वळवटही कोठीत जपून ठेवली. व्यापारी माणूस एकाच शब्दावर घर चालवत नसतो.

लग्नाची पंगत बसली. वाढायला बायका कमी होत्या म्हणून कुमुदच्या हाती खिरीचे पातेले आले. विहीणबाईंच्या वाटीत तिने खीर वाढली. शेटजी खांबाशी उभे होते. विहीणबाईंनी वाटीत बोट फिरवले, भांग शोधला. तो नव्हता. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एक चुणीदार कण बोटावर घेतला आणि उजेडात धरला. मग एक पीळदार घेतला. आठी तशीच होती, पण तिचा अर्थ बदलत चालला होता. शेजारणीला त्यांनी काहीतरी विचारले. शेजारणीने आपल्या वाटीतला एक कण काढून दाखवला. तो तिसऱ्याच आकाराचा निघाला. मग विहीणबाईंनी खीर पिऊन टाकली, रिकामी वाटी उलटी केली आणि तिच्या बुडाची नक्षी बोटाने चाचपून पाहिली. पंगतीत पुढे कोणी आपल्या बांगडीकडे पाहत होते, कोणी पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. भात निवत होता.

वस्तूंवर कणीक दाबत फिरताना मावशी एकटीच कशामुळे हसत होती, हे कुमुदला तिथे पातेले धरून उभे असताना समजले.

"इकडे ये गं," विहीणबाई म्हणाल्या. "आणखी वाढ. पण आधी सांग, हे वळलंय कशावर?"

शेटजींनी खांब धरला. कुमुदने वाटीत खीर वाढली.

"ओळखा," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.