चेंबर उतरवायची घाई

हत्यारांना वाचा होती आणि माणसं आपली गाडी आपल्याच अंगणात खोलत होती, तेव्हाची गोष्ट. वामनकाका इंजिन खोलता खोलता चहा प्यायला घरात गेले. हत्यारांना हुरूप चढला. काका येईपर्यंत आपणच इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून ठेवायचं!

पाना गिरक्या घेत एकेक बोल्ट काढत सुटला. चेंबर म्हणालं, "अरे बाबांनो, आधी माझं ऐका—"

"घाबरलं रे घाबरलं!" हातोडी खिदळली.

"अगं हातोडीताई, माझ्या पोटात—"

"पोटात गोळा आलाय त्याच्या!" असं ओरडत स्क्रू ड्रायव्हर फटीत घुसला. सगळ्यांनी मिळून जोर लावला. चेंबर निसटलं आणि आतलं काळंकुट्ट तेल धबाधबा सगळ्यांच्या डोक्यावर!

कोपऱ्यात एक म्हातारी पक्कड पडली होती. गंजामुळे तिचं तोंड कित्येक वर्षं उघडलंच नव्हतं. तेल ओघळत तिच्यापर्यंत गेलं आणि तिचं तोंड खटकन उघडलं.

"माझं तर तोंड गंजलं होतं," ती म्हणाली, "तुमचे कान कशाने गंजले होते?"