पोत्याचं एक टोक

एका गावात मालविका नावाची एक बाई राहायची. आपण फारशा शहाण्या नाही, हे तिला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. घरच्यांना ते आधीपासून माहीत होतं.

तिची लेक शर्वरी नववीत होती, टेकडीवरच्या खासगी शाळेत. सकाळी सातला बस न्यायची, संध्याकाळी सहाला आणून सोडायची. मैत्रिणी सगळ्या त्याच शाळेतल्या, आणि राहायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. घरी आली की शर्वरी एकटी. गल्लीत तिच्या वयाची सहा पोरं होती, पण ती नगरपालिकेच्या शाळेतली. आठ वर्षं एका गल्लीत राहून शर्वरी त्यांच्यातल्या एकाशीही बोलली नव्हती. दिवाळीची सुट्टी लागली आणि पोरगी दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायला लागली, तेव्हा मालविकाने ठरवलं, आता आपणच काहीतरी करायचं.

मग तिने मेळावाच भरवला. गल्लीतल्या पोरांना बोलावलं, शर्वरीच्या शाळेतल्या तिघींना गाडी पाठवून आणलं. प्रत्येकाच्या छातीवर एक पट्टी लावली. वर नाव, खाली शाळेचं नाव. स्वतः तासभर मैत्रीचं महत्त्व सांगितलं. पोरं पट्ट्या बघून बसली. टेकडीवरच्या शाळेतल्या पोरी सोफ्यावर, नगरपालिकेच्या शाळेतली पोरं सतरंजीवर. सँडविच संपले, सगळे 'थँक यू काकू' म्हणून गेले. सोफा आणि सतरंजी एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"आई, परत नको हं," एवढंच म्हणून शर्वरी पुन्हा पंख्याखाली गेली.

दोन दिवसांनी कंटाळून ती अंगणात किल्ला करायला बसली. मोबाइलवर बघून नुसत्या चिखलाचा बुरूज उभा केला. तो बसला. पुन्हा केला, पुन्हा बसला. शेजारच्या शिंप्यांची अस्मिता कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकून बघत होती.

"आत विटा नाहीत ना?" तिने विचारलं.

"जमतंय मला," शर्वरी म्हणाली.

बुरूज तिसऱ्यांदा बसला.

मालविका खिडकीत उभी होती. 'अगं, तिला आत बोलव ना,' हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात तिला त्या पट्ट्या आठवल्या. तिने खिडकीचा गज घट्ट धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

अंगणात शर्वरीने कोसळलेला चिखल एका बाजूला सारला. मग शर्वरी उठून भिंतीजवळ गेली.

"विटांवर काय टाकतात?"

"पोतं. चिखलात बुडवून. आहे आमच्याकडे." अस्मिता घरात गेली, पोतं घेऊन भिंतीवरून थेट अंगणात उतरली. "धर एक टोक."

अंगणाच्या कोपऱ्यातल्या चार विटा आत रचल्या, आणि चौथ्यांदा बुरूज बसला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतली आणखी चौघं आली, कारण पुढच्या बुरुजासाठी विटा त्यांच्याकडे होत्या. टेकडीच्या शाळेतली एक जण अख्खं गाव ओलांडून सायकलवर आली, कारण मावळे तिच्याकडे होते. अळीव किती दाट पेरायचा, यावरून सगळ्यांचं कडाक्याचं भांडणही झालं. घरातला पंखा रिकाम्या खोलीत फिरत राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या बुरुजाची तयारी चालली असताना मालविका पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. मेळाव्याच्या दिवशी कुणीच कसं बोललं नाही, असं तिने अस्मिताला विचारलं. अस्मिताने सांगितलं, की नाव, शाळा सगळं छातीवर लिहून ठेवलं होतं, मग विचारायला उरलं होतं काय?

मालविकाला ते पटलं. आणि पटल्यावर तिला काही राहवेना. तिने सगळ्यांना हातातली कामं थांबवायला लावली, घसा खाकरला आणि सांगून टाकलं.

तात्पर्य: मैत्री बोलावणं धाडून येत नाही. आपलं कुठे अडलंय हे दुसऱ्याला सांगायची लाज सोडली, की ती भिंतीवरून उडी मारून येते; मोठ्यांनी फक्त मध्ये येऊ नये.

"काकू," अस्मिता म्हणाली, "तुम्ही पोत्यावर उभ्या आहात."