काचेआडचं कार्ड

लोक सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात काचेच्या कपाटात एक दिमाखदार ग्राफिक्स कार्ड होतं. दर शनिवारी मृण्मयी यायची आणि काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत राहायची. "ने ना गं मला," कार्ड पुटपुटायचं.

एकदाचं तिने ते नेलं. सगळे पैसे त्यातच गेले, म्हणून पॉवर सप्लाय मात्र सगळ्यात स्वस्तातला घेतला. गेम सुरू झाला आणि लगेच संगणक बंद पडला.

"तुझी भूक मला नाही रे झेपत," पॉवर सप्लाय ओशाळून म्हणाला.

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत मृण्मयीने कार्ड खोक्यात ठेवलं.

अंधारात कार्डाला आता ती काच आठवते. तिच्याआडून मृण्मयी निदान दिसायची तरी.