टिटवीच्या आवाजाची परवानगी

फार पूर्वी, टिटवीचं पिल्लू नेहमीसारखं माळावर किडे वेचत असताना बातमी आली: ज्याचा आवाज, त्याच्या परवानगीशिवाय त्याची नक्कल करणाऱ्याने माळ सोडायचा. नियम गाढवाने केला होता.

पिल्लू नकलाकार कोतवाल पक्ष्याकडे धावलं. पिल्लाची आई उन्हाळ्यात वारली होती. "मामा, आईसारखं ओरडा ना!"

"आधी आईची परवानगी आण," जवळच चरणारं गाढव पिल्लावर खेकसलं.

"ती कुठून आणणार?" कोतवाल म्हणाला. "आणि गाढवदादा, तुमची नक्कल आजवर केली कोणी?"

"नाही केली. पण एवढा गोड आवाज, चोरीला जायचा!"

कोतवालाने चोच उघडली. माळावर टिटवी ओरडली. पिल्लू तिथेच डोळे मिटून बसलं. कोतवालाला हाकलायला कोणीच उठलं नाही.

गाढवाकडे त्याच्या आवाजाची परवानगी मागायला अजून कोणी गेलेलं नाही.